कॉम्प्युटर पासवर्ड घेत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी या क्रमाने बघा

हे घरच्या विंडोज कॉम्प्युटरबद्दल आहे, विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू. माझ्या दुकानात हा बिघाड बारा महिने येतो, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की जरा जास्तच. आत पाऊल टाकतानाच गिऱ्हाईक म्हणतं, "पासवर्ड घेत नाहीये, फॉरमॅट मारून टाका." त्यातल्या बऱ्याच मशीनना फॉरमॅटची काही गरज नसते. फॉरमॅट मारलं की विंडोज परत येतं, पण बारशाचे फोटो, टॅलीचा डेटा आणि सोसायटीचे हिशोब जातात. म्हणून खालचे उपाय फुकटापासून सुरू करून खर्चिकाकडे, आणि बिनधोकपासून धोक्याकडे असे लावले आहेत. मधलं काही गाळू नका.

आधी लक्षण नीट बघा

"पासवर्ड घेत नाही" म्हणून येणारे बिघाड एकमेकांपासून पार वेगळे असतात. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा.

- टाइप करताय पण चौकटीत ठिपके उमटत नाहीत, किंवा आठ अक्षरांना सहाच ठिपके येतात. हा कीबोर्डचा प्रश्न आहे.
- ठिपके बरोबर येतात, पण एंटर मारलं की "चुकीचा पासवर्ड". काल हाच चालला होता. बहुधा भाषा, कॅप्स लॉक किंवा नम लॉक.
- फोनवर पासवर्ड बदलला, पण कॉम्प्युटर नवा घेत नाही, जुनाच घेतो. इंटरनेट किंवा तारीख.
- पिन उपलब्ध नाही, काहीतरी घडलं, अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज. पिन बिघडलाय, पासवर्ड शाबूत आहे.
- खूप चुकीचे प्रयत्न झाले, मशीन किमान दोन तास चालू ठेवा आणि मग बघा, असा मेसेज. हे तात्पुरतं कुलूप आहे.
- निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. हा पासवर्डचा प्रश्नच नाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे त्या कीशिवाय वाचता येऊ नये अशी कुलूपबंद.
- विंडोजचं चिन्ह यायच्या आधीच, साध्या काळ्या किंवा करड्या पडद्यावर पासवर्ड मागतोय. हा बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनमधल्याच प्रोग्रामचा पासवर्ड. शेवटचा भाग वाचा, मधलं काहीही करू नका.

आणि एक गोष्ट आत्ताच: अंदाजाने पासवर्ड मारत सुटू नका. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं. पिनचे चुकीचे प्रयत्न वेगळे मोजले जातात. थोड्या प्रयत्नांनंतर तो ए-वन-बी-टू-सी-थ्री टाइप करायला लावतो. कीबोर्डवर मांजर बसलंय की माणूस, एवढंच त्याला बघायचं असतं. पुढे रीस्टार्ट करायला सांगतो, आणि तरी मारत राहिलात की मग ते दोन तासांचं कुलूप. अशा वेळी बटण दाबून मशीन सारखं बंद-चालू केलं तर कुलूप सुटत नाही, उलट लांबतं. चार्जर लावा, झोपेत जाऊ देऊ नका आणि चहा प्या.

कीबोर्ड आणि भाषा (खर्च शून्य)

पासवर्डच्या चौकटीत काही टाइप केलं की उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येतं. ते दाबून धरा. ठिपक्यांच्या जागी खरी अक्षरं दिसतात. अर्धे लोक इथेच सुटतात, कारण आपण काय टाइप करतोय ते पहिल्यांदा दिसतं. मागे कोणी उभं नाही एवढं बघून घ्या.

डोळा दाबल्यावर अक्षरांऐवजी सुट्या मात्रा तरंगताना दिसल्या तर कीबोर्ड मराठीवर आहे. शिक्षक, तलाठी, डीटीपीवाले, ज्यांच्या मशीनवर इन्स्क्रिप्ट (मराठी टायपिंगची मांडणी) टाकलेला असतो, त्यांच्याकडे हे हमखास होतं. इंग्रजी 'राम' साठी आर, ए, एम ही बटणं दाबली की इन्स्क्रिप्टमध्ये 'ीोस' असं उमटतं. ठिपके मात्र तीनच दिसतात, त्यामुळे संशय येत नाही. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा, भाषा बदलते. उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचं चिन्ह असतं, त्यावरूनही बदलता येतं.

इंग्रजीतसुद्धा दोन प्रकार आहेत. भाच्याने लंडनहून आणलेला लॅपटॉप असेल तर त्यावर ब्रिटिश मांडणी असते. तिथे @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा आपल्या नेहमीच्या अमेरिकन मांडणीच्या उलट असतात. पासवर्डमध्ये @ आहे? मग हे बघाच.

नम लॉकचे दोन खेळ आहेत. मोठ्या कीबोर्डवर तो बंद असेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या पट्ट्यावरून पिन टाइपच होत नाही, ठिपके येत नाहीत. जुन्या छोट्या लॅपटॉपवर उलटं होतं. तिथे नम लॉक चालू राहिला तर जे, के, एल, यू, आय, ओ, एम या बटणांवर आकडे येतात. इंग्रजीत 'मिलिंद' टाइप केलंत तर पहिली चार अक्षरं ०, ५, ३, ५ होऊन पडतात. धूळ पुसायला फडकं फिरवलं आणि पासवर्ड गेला, असं कोणी सांगितलं की मी पहिलं हेच बघतो.

हे सगळं ठीक असेल तर खाली उजवीकडे अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह आहे (विंडोज ११ वर माणसाची आकृती). त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड मिळतो. माउसने एकेक अक्षर दाबून पासवर्ड टाका. असा लागला तर पासवर्ड ठणठणीत आहे, खरा कीबोर्ड खराब आहे. पावसाळ्यात कोकणातल्या दमट घरांत बटणं चिकटतात, आणि चहा सांडलेला लॅपटॉप कित्येक दिवसांनी त्रास द्यायला लागतो. शेजाऱ्याचा यूएसबी कीबोर्ड लावून बघा. वायरलेस असेल तर आधी सेल बदला.

तारीख आणि इंटरनेट

लॉक स्क्रीनवरची तारीख वाचा. जुन्या डेस्कटॉपवर २०१५ किंवा त्याच्याही मागची तारीख दिसत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि किरकोळ किमतीचा असतो. याचा पासवर्डशी संबंध असा की तारीख चुकली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, आणि जोडणी नसली की फोनवर बदललेला नवा पासवर्ड या मशीनला कळतच नाही. तोवर मशीन स्वतःकडे साठवलेला जुना पासवर्डच खरा मानतं. म्हणून आधी जुना टाकून बघा. पुष्कळदा तोच लागतो.

एक सावधगिरी. निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागणारं मशीन असेल, किंवा तशी शंका असेल, तर सेलला हात लावू नका. तिथे बायोसच्या सेटिंगमधला बदल आणखी गुंता करतो.

तारीख बरोबर असेल तर खाली उजवीकडे नेटवर्कचं चिन्ह दाबून वायफाय जोडा. लॉक स्क्रीनवरूनही जोडता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. घरचं वायफाय नवं घेतलंय, राउटर बदललाय, आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही, हे नेहमीचं. फोनचा हॉटस्पॉट किंवा केबलने टिथरिंगही (फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेणं) चालतं.

खातं कुठलं, आणि कोणाचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढचा रस्ता यावरूनच ठरतो.

विंडोजवर घरगुती खातं दोन प्रकारचं असतं. मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन खातं, किंवा त्या मशीनपुरतं लोकल खातं. ओळखायची सोपी खूण: एकदा चुकीचा पासवर्ड टाका आणि येणारा इंग्रजी मेसेज शेवटपर्यंत वाचा. त्यात 'मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हे शब्द आणि पासवर्ड रीसेटच्या वेबसाइटचा पत्ता असेल तर खातं ऑनलाइन आहे. नुसतं 'पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच असेल तर लोकल.

आता जीमेलची भानगड. मायक्रोसॉफ्टचं खातं जीमेलच्या पत्त्यावरही उघडता येतं. मग लोकांना वाटतं की कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हणजे जीमेलचा पासवर्ड. तसं नाही. पत्ता एकच असला तरी गूगलचा पासवर्ड गूगलकडे आणि मायक्रोसॉफ्टचा मायक्रोसॉफ्टकडे, दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. माझ्याकडे येणारे एक निवृत्त मुख्याध्यापक फोनवर जीमेलचा पासवर्ड बदलायचे आणि कॉम्प्युटर तो घेत नाही म्हणून पुन्हा बदलायचे. त्यांच्या डायरीत बदलांची ओळीने नोंद होती, खोडाखोड न करता, तारखेसकट. आणि त्याच पानावर सर्वात वर, निळ्या शाईत, मशीन घेतलं त्या दिवशीचा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड होता. तोच लागला.

दुसरी भानगड खातं कोणाच्या नावावर आहे याची. विंडोज ११ होम ऑक्टोबर २०२१ ला आलं तेव्हापासूनच पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. घाईत दुकानातला मुलगा स्वतःच्या ईमेलवर किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या पत्त्यावर ते उघडून देतो. गिऱ्हाईकाला चार आकडी पिन सांगतो, आणि विषय संपला. दोन वर्षांनी पिन बिघडला की कोड त्या मुलाला जातो, आणि तो मुलगा आता तिथे नसतो. तुमचं असं झालं असेल तर आधी त्या दुकानात बिल घेऊन जा. नातेवाइकांनीही हेच केलेलं असतं, फक्त प्रेमाने. आईच्या लॅपटॉपवर मुलीने स्वतःचा अमेरिकेतला नंबर टाकलेला असतो, कोड न्यू जर्सीत जातो, आणि तिथे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात. तिला आधी फोन करा, ती जागी असेल तेव्हाच कोड मागवा, कारण कोड थोडाच वेळ चालतो.

लॉक स्क्रीनवर खाली डाव्या कोपऱ्यातही बघा. दुसरं एखादं नाव दिसतंय का? घरातल्या कोणाचं चालू खातं असेल आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर (म्हणजे मशीनवरचे सगळे हक्क असलेलं) असेल तर तुमचं काम निम्म्याने सोपं झालं.

पिन बिघडला असेल तर

पासवर्डच्या चौकटीखाली 'साइन-इन ऑप्शन्स' आहे. त्यात किल्लीचं चिन्ह म्हणजे पासवर्ड, आकड्यांचं चिन्ह म्हणजे पिन. पिन चालत नसेल तर किल्ली निवडून पासवर्डने आत जा आणि सेटिंग्जमधून पिन काढून नवा करा. पिन त्या एका मशीनच्या सुरक्षा चिपमध्ये बांधलेला असतो, म्हणून बायोस अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की तो निकामी होतो. यात तुमची चूक नसते आणि फाइलींनाही काही होत नाही.

पासवर्ड आठवत नसेल तर 'आय फरगॉट माय पिन' दाबा. इंटरनेट जोडलेलं हवं. तो मायक्रोसॉफ्टकडून कोड मागवून नवा पिन करू देतो. मे २०२५ पासून उघडलेली नवी मायक्रोसॉफ्ट खाती मुळातच पासवर्डशिवाय असतात, तेव्हा तुम्ही जो पासवर्ड आठवताय तो कधी ठेवलेलाच नसण्याचीही शक्यता आहे. अशा खात्याला हाच रस्ता.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड परत मिळवणं

हे फोनवरून करा. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा: अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम, स्लॅश पासवर्ड, स्लॅश रीसेट. (अर्थात इंग्रजीत.) शोधून वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करून जाऊ नका, त्याचं कारण पुढे येईल.

ईमेल टाकलात की कोड कुठे पाठवायचा ते तो अर्धवट झाकून दाखवतो: पत्त्याची पहिली दोन अक्षरं किंवा नंबरचे शेवटचे दोन आकडे. ही झाकलेली ओळ म्हणजे पुरावा आहे. ती बघून घरातल्या सगळ्यांना विचारा, हा नंबर कोणाचा? जुना बंद झालेला नंबर असेल तर लवकर हालचाल करा. बंद झालेला नंबर ९० दिवस तरी कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि मग तुमचा कोड अनोळखी माणसाकडे जाईल. नंबर तुमच्याच नावावर असेल तर कंपनीच्या गॅलरीतून डुप्लिकेट सिम काढणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

कोड येत नाही म्हणून सारखा 'पुन्हा पाठवा' दाबू नका. प्रत्येक नव्या कोडने आधीचा बाद होतो, आणि जास्त झाले की तो दिवसभर कोड देणं बंद करतो. ईमेलचा स्पॅम फोल्डर बघा.

नंबर आणि ईमेल दोन्ही गेले असतील तर रिकव्हरी फॉर्म उरतो. त्यात जुने पासवर्ड, खातं आउटलूकचं असेल तर पाठवलेल्या मेलचे विषय, जन्मतारीख, पिनकोड विचारतात. हा फॉर्म नेहमीच्या घरून, नेहमीच्या वायफायवरून, आधी वापरलेल्या एखाद्या फोनवरूनच भरा. ओळखीची जागा हादेखील पुरावा धरला जातो. उत्तर साधारण २४ तासांत दिलेल्या पत्त्यावर येतं. नाही जमलं तर दिवसातून दोनदा भरता येतो. आठवेल तेवढं सगळं लिहा, जुना अर्धवट पासवर्डसुद्धा. मात्र खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर हा फॉर्म चालत नाही, आणि मायक्रोसॉफ्टचा सपोर्टवाला माणूसही पासवर्ड बदलून देऊ शकत नाही, त्याला ती मुभाच नाही. तिथे भांडून उपयोग नाही.

पासवर्ड बदलला की मशीनला इंटरनेट जोडा आणि मगच नवा टाका.

लोकल खातं असेल तर

चुकीचा पासवर्ड एकदा टाकल्यावर खाली 'रीसेट पासवर्ड' अशी ओळ येते का बघा. २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून लोकल खातं करताना तीन प्रश्न विचारून ठेवतात: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्माचं गाव, लहानपणचं लाडाचं नाव असे. उत्तर तेव्हा ज्या स्पेलिंगने दिलं त्याच स्पेलिंगने द्यावं लागतं. गाव छत्रपती संभाजीनगर असेल आणि मशीन २०२३ च्या आधीचं असेल, तर उत्तर बहुधा औरंगाबाद आहे. 'बाळू' शेवटी एक यू की दोन ओ, तेही बघा.

प्रश्न नसतील पण घरातलं दुसरं अ‍ॅडमिन खातं असेल तर त्यातून कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्स, 'मॅनेज अनदर अकाउंट' इथे जाऊन पासवर्ड बदलता येतो. हे फुकट आणि दोन मिनिटांचं आहे, पण एक किंमत आहे. बाहेरून असा पासवर्ड बदलला की त्या खात्यात विंडोजने साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्याच सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइली उघडत नाहीत. साधे फोटो, वर्ड, एक्सेल यांना काही होत नाही. तुम्ही कधी एन्क्रिप्ट केलेलं आठवत नसेल तर बिनधास्त बदला.

यूट्यूबवर दाखवतात तसं लॉक स्क्रीनच्या फाइलची अदलाबदल करून कमांड विंडो उघडायचा खटाटोप मी करत नाही. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस ते घुसखोरी म्हणून पकडतो, आणि डिस्क एन्क्रिप्ट असेल तर तिथवर पोचताही येत नाही. 'पासवर्ड तोडणारं' फुकट सॉफ्टवेअर तर मुळीच नको. त्यातून काय काय येतं ते मी साफ करत बसतो.

४८ आकडी की

मागच्या काही वर्षांच्या लॅपटॉपवर विंडोज होम असलं तरी डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. मालकाला पत्ताही नसतो. बायोस अपडेट, बोर्डाची दुरुस्ती, बूट सेटिंगमधला बदल, यानंतर तो की मागतो. की बहुतेक वेळा पहिल्यांदा वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवर त्या खात्यात शिरून डिव्हाइसेसच्या यादीत रिकव्हरी की बघा. अनेक असतील तर निळ्या पडद्यावरचा की-आयडी आणि यादीतली पहिली आठ अक्षरं जुळवा. आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात. एकाने वाचावं, दुसऱ्याने टाइप करावं.

खातं दुसऱ्याचं असेल तर कीही त्याच्याकडेच. म्हणून वर 'खातं कोणाचं' यावर इतका वेळ घालवला.

रीसेट करण्याआधी डेटा काढणं

वरचं काहीच जमलं नाही, आणि डिस्क एन्क्रिप्ट नाही, तर आत न जाताही फाइली काढता येतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबंटू लिनक्सचा (विंडोजऐवजी मशीन चालवणारी फुकट प्रणाली) बूट होणारा, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू होतं असा, पेन ड्राइव्ह बनवा आणि बंद मशीन त्यावरून सुरू करा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर साधारण एफ१२, एचपीवर एफ९. उबंटू आला की 'ट्राय' निवडायचं. 'इन्स्टॉल' नाही, कधीच नाही. तिथे एक चुकीचा क्लिक सगळी डिस्क पुसतो. हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

मग फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्क उघडून 'यूजर्स' फोल्डर, त्यात तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. लोक इथे थांबतात आणि टॅली विसरतात. टॅलीचा डेटा तुमच्या नावाच्या फोल्डरात नसतो, 'पब्लिक'मध्ये किंवा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. डीटीपीवाल्यांनी फाँटही घ्यावेत. डिस्क उघडतानाच पासवर्ड किंवा की मागितली तर ती एन्क्रिप्ट आहे, तिथेच थांबा.

कॉपी केलेल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर रीसेट. लॉक स्क्रीनवर पॉवरचं बटण, शिफ्ट धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, ते आपोआप परत लागतं, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. मात्र लॅपटॉपसोबत मिळालेलं ऑफिस त्या मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेलं असतं. खातं गेलं तर ते गेलं.

इथे थांबा आणि माणसाला दाखवा

लॅपटॉपवर बायोसचा पासवर्ड असेल तर स्वतः खोलू नका. जुन्या डेस्कटॉपवर सेल काढून तो जातो, पण लॅपटॉपवर बहुतेकदा जात नाही, कारण तो वेगळ्या चिपमध्ये असतो. काही बिझनेस लॅपटॉपवर, उदाहरणार्थ थिंकपॅडच्या सुपरवायझर पासवर्डवर, बोर्ड बदलण्याशिवाय कंपनीकडेही उपाय नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. ते खरेदीचं बिल मागतील, आणि मागायलाच हवं. सेकंडहँड घेतलेल्या मशीनचं बिल नसेल तर आधी विकणाऱ्याला गाठा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फाइली कॉपी होताना सारख्या अडकत असतील, तर मशीन बंद करा. तो पासवर्डचा प्रश्न राहिला नाही, डिस्क मरतेय. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. प्रत्येक वेळी चालू केल्याने त्याचं काम अवघड होतं.

डिस्क एन्क्रिप्ट आहे आणि की कुठेच नाही, तर कोणाकडेही जाऊ नका. ती कोणालाच उघडता येत नाही. 'पैसे द्या, उघडून देतो' म्हणणारा खोटं बोलतोय.

ऑफिसचा किंवा शाळेचा लॅपटॉप असेल तर त्यांच्या आयटीवाल्यालाच फोन. मयत व्यक्तीचं मशीन असेल तर डिस्कवरचा डेटा वरच्या पद्धतीने काढता येतो, पण त्यांच्या ऑनलाइन खात्यातलं मायक्रोसॉफ्ट कोर्टाच्या कागदाशिवाय विचारातही घेत नाही. तिथे वकील लागतो, मेकॅनिक नाही.

आणि 'मायक्रोसॉफ्ट कस्टमर केअर' असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. पडद्यावर आपोआप आलेल्या मेसेजमध्ये फोन नंबर असेल तर तो हमखास फसवणुकीचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. समोरचा एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवायचं अ‍ॅप) टाकायला सांगेल, मग बँकेचा कोड विचारेल. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.

दुकानात आणताना चार्जर, बिल, आणि ज्या फोनवर कोड येतो तो फोन चालू सिमसकट घेऊन या. पावतीवर 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या. कोड आला की तो तुम्हीच टाका, आमच्या हातात फोन देऊ नका.